आणखी सहा डिसेंबर

सामना गावातून जाऊ दे, असं अर्डिस फ्रीझनला मनापासून वाटत होतं. आणि सामना गावातून जाऊ नये म्हणून ती सकाळी साडेपाचपासून चर्चच्या तळघरात मैदा मळत उभी होती.

यात तिला काही वावगं दिसत नव्हतं. माणसाला काय वाटतं आणि माणूस काय करतो यांचा एकमेकांशी संबंध असायला हवा, असं लिंडेनफेल्डमध्ये आजवर कुणी म्हटलेलं नाही. कॅन्ससच्या सपाट रानातलं साडेचार हजार वस्तीचं गाव. गहू भरपूर, वारा त्याहून भरपूर. आणि गेली चोवीस वर्षं, डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी, देशभरातल्या लहान कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना इथल्या हायस्कूलच्या मैदानावर होत आलेला. एवढ्याशा गावाला हा मान मिळाला कसा, तर एका वर्षी ठरलेल्या शहराचं मैदान बर्फात गाडलं गेलं. आठ दिवसांत कुणी सामना घेईल का, अशी विचारणा झाली आणि लिंडेनफेल्डच्या लोकांना नाही म्हणता आलं नाही. ते त्यांना कधीच येत नाही. पुढच्या वर्षी परत विचारलं, परत तेच.

आता कॉलेजांच्या संघटनेने जागा नव्याने निवडायचं काढलं होतं. एकदा ठरलं की सहा वर्षं तिथेच. टेक्सासमधल्या एका शहराने अर्ज केला होता. तिथे छप्पर असलेलं स्टेडियम, पगारी माणसं, चाळीस हॉटेलं. लिंडेनफेल्डमध्ये सतरा खोल्यांचं एक मोटेल, त्यातल्या दोन खोल्यांत गरम पाणी नाही. म्हणून दोन्ही संघांची पोरं गावकऱ्यांच्या घरी उतरतात. ती सव्वादोन मणांची धूडं आजीबाईंच्या नाजूक पलंगांवर झोपतात आणि सकाळी पलंगाबद्दल माफी मागतात.

संघटनेचा माणूस आज जागा बघायला येणार होता. त्याला सगळं नीट दिसू दे आणि तो सरळ टेक्सासला जाऊ दे, असं मनात म्हणत अर्डिस कोबी आणि खिमा भरलेले पाव, म्हणजे बिरॉक, एकामागून एक वळत होती.

तिला त्र्याहत्तरावं चालू होतं. उजवा खुबा बदला म्हणून डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं. ते 'सामना झाला की बघू'वर अडलेलं. विचिटाला राहणाऱ्या मुलीने, जनेलने, आईसाठी तळमजल्यावरची खोली रिकामी करून रंगवूनसुद्धा घेतली होती. "आई, सामना गेला की येशील ना?" असं तिने विचारलं आणि अर्डिस म्हणाली, "सामना गेला की येईन." असा तो शब्द होता. सामना असेपर्यंत जायचं म्हणजे तीन माणसांची कामं कुणाच्या गळ्यात घालायची?

तीन माणसांची, कारण गावाची पद्धतच तशी. सामन्याच्या कामाला एकशे चाळीस माणसं लागतात आणि त्यांच्या नावांची यादी पहिल्या वर्षी झाली ती झाली. यादीतलं कुणी वारलं, तर नाव काढायचं नाही. यादी वाचताना त्या नावाला त्याच्या जवळचं माणूस 'हजर' म्हणतं आणि म्हटलं की ते काम त्याचं झालं. अर्डिसचं स्वतःचं काम बिरॉकचं, सोळाशे नग. नवरा मेनो गेला तेव्हा त्याचं आलं: मैदान गोठू नये म्हणून आठवडाभर ताडपत्री अंथरायची, खाली गहू वाळवायचे मोठे पंखे लावून गरम वारा सोडायचा, आणि पहाटे पाचला जाऊन पंखे चालू आहेत ना बघायचं. नणंद व्हर्ना गेली तेव्हा तिचं आलं: हरलेल्या संघाचे कपडे धुऊन द्यायचे. हरलेली पोरं मळक्या कपड्यांत घरी जाऊ नयेत, हा व्हर्नाचा हट्ट. त्रेपन्न पोरांचा चिखल. हरलेल्यांनाच जास्त चिखल का लागतो, कोण जाणे.

नवऱ्याची आठवण म्हणून माणसं फोटो ठेवतात. अर्डिसच्या वाट्याला चौदा पंखे आले होते. मेनोवर तिचं फार प्रेम होतं, पण कधी कधी पहाटे त्या पंख्यांपाशी उभी राहून ती त्याला चांगल्या चार शिव्या द्यायची.

आठच्या सुमारास डेल्बर्ट अनरू तळघरात उतरला. पायऱ्या उतरायला त्याला बराच वेळ लागला. वय शहात्तर, मैदानाचं गवत त्याच्याकडे. बायकोला पोचवलं गुरुवारी आणि शुक्रवारी हा गडी मैदानावर पांढरे पट्टे मारत होता, तेव्हापासून गाव त्याच्या गवताबद्दल दबक्या आवाजात बोलतं.

"किती झाले गं?"

"दोनशे. बस. आणि टोपी काढ, पिठात केस पडतील."

"केस उरलेत कुठे पडायला." तो बसला. "अर्डिस, मी काय म्हणतो... समजा, गेला सामना. तर काय बिघडेल गं?"

अर्डिसचा हात थांबला. पण तिने मान वर केली तर डेल्बर्टची नजर तिच्या खुब्यावर. हां, म्हणजे हा माझी कीव करतोय, तिला वाटलं. माझ्यासाठी स्वतःचा जीव तोडून द्यायला निघालाय. गवत गेलं तर या माणसाकडे राहिलं काय?

"काहीतरीच बोलू नकोस," ती म्हणाली. "जातोय कुठे सामना! तुझं गवत बघितलं की टेक्सासवाले तोंड लपवतील."

डेल्बर्टने टोपी दोन-तीनदा फिरवली. "बरं," तो म्हणाला. "तू म्हणतेस तर तसं." आणि आला होता तितक्याच सावकाश वर गेला. आपण त्याला धीर दिला, या समाधानात अर्डिसने पुढचे चाळीस बिरॉक वळले.

संघटनेचा माणूस अकराला आला. लोवेल हॅस्किन्स नाव, साठीचा, कोटाला प्रवासाच्या सुरकुत्या. सहा दिवसांत चौथं गाव बघत होता. त्याने मैदान पाहिलं, दिवे पाहिले, मोटेलच्या गरम पाण्याच्या पंधरा खोल्या पाहिल्या. महापौर कर्बी श्राग त्याच्यापुढे चालत सारखं म्हणत होता, "साहेब, आमच्या गावाचा जीव आहे हो हा सामना." कर्बीचं लाकडांचं दुकान; सामन्याच्या महिन्यात ते अर्धा वेळ बंद असतं.

मग चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना बसवून यादी वाचली. एकशे चाळीस नावं, एकशे चाळीस 'हजर'. हॅस्किन्स मागच्या बाकावर बिरॉक खात ऐकत होता. तिसऱ्या नावानंतर त्याने खाणं थांबवलं. अर्डिसने स्वतःला 'हजर' म्हटलं, मेनोला म्हटलं, व्हर्नाला म्हटलं. पलीकडची एक बाई पाच वेळा म्हणाली.

यादी संपल्यावर तो उठून अर्डिसजवळ आला. "कपडे धुवायचं कुठे असतं, तेवढं दाखवता का बाई?"

धुण्याच्या खोलीत दोघंच. त्याने दार लोटून घेतलं आणि मशीनला टेकून उभा राहिला.

"बाकी तिन्ही गावांत मला मोठ्या पडद्यावर चित्रं दाखवली," तो म्हणाला. "इथे मी आवाज मोजले. एकोणऐंशी आहेत."

"आमची पद्धत आहे ती."

"कळली. आता एकच विचारतो, आणि ते या खोलीबाहेर जाणार नाही. तुम्हाला हा सामना हवाय का? नको असेल तर नाही म्हणायचीसुद्धा गरज नाही. नुसत्या गप्प राहा. मी अहवालात छप्पर लिहीन, हॉटेलं लिहीन. तुमचं गाव कुठे कमी पडलं असं कुणी म्हणणार नाही."

नुसतं गप्प राहायचं! आयुष्यात एवढं सोपं काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने ओठ मिटले. विचिटाची खोली तिच्या डोळ्यांपुढे आली. अंथरुणातून उठायची घाई नसलेली डिसेंबरमधली सकाळ आली. आणखी दोन श्वास गेले असते तर झालं होतं.

पण खोलीला खिडकी होती आणि खिडकीतून मैदान दिसत होतं. मैदानाच्या मधोमध डेल्बर्ट एकटाच गुडघ्यांवर बसला होता. एक हात गवतावर, मान खाली. देवापुढे बसावं तसा. याच्यापासून हे काढून घेणारी मी कोण?

"हवाय तर!" ती म्हणाली. "नको कशाला असेल?"

हॅस्किन्सने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान हलवली, हात मिळवला, धन्यवाद म्हटलं आणि तो महापौराचा निरोप घ्यायला गेला.

अर्डिस मागच्या दाराने बाहेर पडली. डेल्बर्ट अजून तसाच होता. इतका वेळ प्रार्थना करणारा हा माणूस नव्हे. ती लंगडत मैदानाच्या मध्यापर्यंत गेली.

"बरं झालं आलीस," तो मान वर न करता म्हणाला. "पंधरा मिनिटं झाली. हात दे. उठताच येईना."

"उठता येईना म्हणून बसलायस?"

"मग काय हौसेने? पट्टा बघायला वाकलो आणि गुडघ्यांनी संप केला. हाक मारायची तर तो साहेब बघणार."

तिने हात दिला. त्याचे गुडघे आणि तिचा खुबा मिळून एक धड माणूस उभं राहायला मिनिटभर लागलं. तो धापा टाकत तिला धरून राहिला.

"डेल्बर्ट," ती म्हणाली, "सकाळी तू जे बोललास, ते माझ्याकरता बोललास ना?"

"तुझ्याकरता? माझ्याकरता बोललो. मला या गवताचा वीट आलाय अर्डिस. दहा वर्षं झाली. पोराकडे कोलोरॅडोला जाऊन नुसतं बसायचंय मला. पण तूच उडवून लावलंस. म्हटलं, हिचा मेनो आहे यात, हिला कसं दुखवू?"

अर्डिसला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्हीसाठी वेळ नव्हता. "मी आत्ताच त्याला हवाय म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "तुझ्यासाठी."

हॅस्किन्सची गाडी रस्त्यापलीकडच्या पंपावर पेट्रोल भरत उभी होती. दोघांनी ती एकदमच पाहिली. दोघं निघाले, एकमेकांना धरून, वाऱ्यात तिरके होत. कर्बी चर्चच्या दारातून बघत होता. त्याला वाटलं, काय ही माणसं, वेशीपर्यंत पोचवायला चाललीत. मैदान ओलांडायला त्यांना इतका वेळ लागला की एखादा संघ तेवढ्यात दोनदा चेंडू पार नेऊन आला असता. पण गाडी हलली नव्हती. हॅस्किन्स गाडीत बसून त्यांचीच वाट बघत होता. त्याने काच खाली केली.

"काही सांगायचं राहिलं का?" त्याने अगदी हळू विचारलं. माणूस चांगला होता. त्याला ऐकायचं होतं.

डेल्बर्टने अर्डिसकडे पाहिलं. अर्डिसने डेल्बर्टकडे पाहिलं. हा मनुष्य चारशे मैलांवरून आला, आपलं मीठ खाल्लं, आता याला सांगायचं की आम्हाला तुमचा सामना नको? तोंडावर?

"वारा फार आहे," अर्डिस म्हणाली. "गाडी जपून चालवा."

"पुलापाशी हरणं येतात मध्ये," डेल्बर्ट म्हणाला.

काच वर गेली. गाडी गेली. दोघं पंपापाशी उभी राहिली आणि बराच वेळ एकमेकांकडे बघायचं त्यांनी टाळलं.

अकराव्या दिवशी पत्र आलं. कर्बीने सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून वाचून दाखवलं. सामना लिंडेनफेल्डलाच, सहा वर्षं. टेक्सासच्या शहराकडे सगळं होतं, पण एकोणऐंशी माणसं एकशे चाळीस नावांना हजर म्हणतात असं दुसरं गाव देशात नाही, असं काहीतरी सुंदर लिहिलं होतं. टाळ्या पडल्या.

अर्डिस टाळ्या वाजवता वाजवता थांबली. डेल्बर्टच्या चेहऱ्यावर जो थकवा तिला मैदानावर दिसला होता, तो आता सगळीकडे दिसत होता. पाच वेळा 'हजर' म्हणणारी ती बाई टाळ्या वाजवत होती आणि तिची नजर भिंतीवर होती. मोटेलवाला बुटाच्या टोकाकडे बघत होता. कर्बीने चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते डोळे आनंदाचे नव्हते. दुकान बंद ठेवून थकलेल्या माणसाचे होते. अरे देवा, तिला वाटलं, कुणालाच नको होता. आपण सगळे एकमेकांसाठी वाहतोय हे ओझं. सहा वर्षांनी एकोणऐंशीवं चालू असेल मला. जनेलला काय सांगू?

आणि ती उठली. खुब्यात कळ आली तरी उठली. आता बोलायचं, एकदाच, सगळ्यांच्या वतीने. पत्र परत पाठवता येतं. बाकाला धरून ती उभी राहिली तशा टाळ्या थांबल्या. सगळे तिच्याकडे बघू लागले. डेल्बर्टने टोपी घट्ट धरली. बोल बाई, असं त्या साऱ्या म्हाताऱ्या डोळ्यांत होतं. आणि नेमकं तेच तिला वाचता आलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की सगळे तिच्यावर विसंबून आहेत.

"शनिवारी सकाळी नऊला या," अर्डिस म्हणाली. "कोबी चिरायचाय."