पहिल्या दात्यावरचं बोट

"आधी गिअरच्या पहिल्या दात्याला खडू लावा, मग मोजायला लागा," थांबाताई फोनवर एका गिऱ्हाइकाला सांगत होत्या. "नाहीतर फिरून त्याच दात्यावर येता आणि तो दोनदा मोजला जातो."

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि ऑर्डरची वही ओढली. हे वाक्य त्यांनी वीस वर्षांत हजारदा तरी म्हटलं असेल. डोंगरकाका म्हणून एक गिऱ्हाईक होते, त्यांना मात्र ते सांगायचं राहिलं होतं.

दुकान जुन्या जीपगाड्यांच्या सुट्या भागांचं. चाळीस-पन्नास वर्षांच्या म्हाताऱ्या गाड्या, रस्ता नसेल तिथेही चढणाऱ्या. त्यांचे भाग बनणं कधीच बंद झालं होतं, पण गाडीमालकांचा हट्ट सुटत नव्हता. भाग कुठून कुठून शोधायचा आणि मिळेपर्यंत गिऱ्हाइकाला धीर द्यायचा, हे ताईंचं काम. प्रत्येक वाक्याआधी "थांबा हं" म्हणायच्या, म्हणून नाव पडलं थांबाताई. दुकानात त्यांच्या शांतपणाचं भारी कौतुक. घरी नवरा म्हणायचा, सगळी शांती तिकडेच वाटून येतेस आणि आमच्यासाठी राग तेवढा घेऊन येतेस. त्यात खोटं काही नव्हतं.

डोंगरकाका एका गिअरसाठी चार महिने फोन करत होते. त्यांचं घर डांबरी रस्ता संपतो त्याच्याही वर होतं आणि त्यांच्या जीपशिवाय तिथे दुसरं काही चढत नव्हतं. बायकोला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला दिसेनासं झालेलं, पायी उतरणं शक्य नाही आणि गाडी बंद, म्हणून ऑपरेशनची तारीख दोनदा हुकली होती. तिसरी पंधरा दिवसांवर आली होती. तीही हुकली तर डॉक्टर थेट पुढच्या वर्षीचं बोलत होते.

हे सगळं काकांनी काकुळतीला येऊन नाही, ओरडून सांगितलं होतं. तुमच्या घरचं माणूस असतं तर असं ताटकळत ठेवलं असतं का, असंही विचारलं. त्या दिवशी ताईंचं डोकं फिरलं. काढून ठेवलेल्या जुन्या गिअरचे दाते किती, एवढंच विचारलं, काका सत्तावीस म्हणाले, ताईंनी लिहिलं आणि फोन आपटला.

आणि आता दूरच्या एका भंगारवाल्याकडून दोन गिअर आले होते, एक सव्वीस दात्यांचा, एक सत्तावीसचा. दिसायला सख्खे भाऊ. सत्तावीसचा खोक्यात बंद झाला होता आणि पार्सलची गाडी चार वाजता यायची होती. एका दात्याचा फरक पडला तरी गिअर बसत नाही. तो परत येऊन दुसरा वर पोचेपर्यंत तिसरी तारीखही गेली असती.

ताईंनी खोकं अडवून ठेवायला सांगितलं. दुकानाचे मालक म्हणाले, गिऱ्हाइकानेच सत्तावीस सांगितलंय, चुकलं तर त्यांचं चुकलं, उगाच त्या माणसाच्या तोंडी लागू नका. मालकांचं बरोबर होतं. ताईंनी तरीही नंबर फिरवला.

"काका, दाते परत एकदा मोजाल का?"

"बाई, तीस वर्षं ही गाडी चालवतोय. आता मोजायला तुमच्याकडून शिकू?"

वही भिजली, आकडा पुसला, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. ताईंच्या जिभेवर ते आलंही होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दात्याला खूण करून मोजा, असं मी प्रत्येकाला सांगते. त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले होते. तुम्हाला सांगितलंच नाही."

पलीकडे रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. काका घरात खडू शोधत होते, सापडत नव्हता, आणि कुरकुर चालली होती. शेवटी बायकोला म्हणाले, "अगं, इकडे ये. इथे बोट ठेव. मी म्हणेपर्यंत हलवू नकोस."

मग ते मोठ्याने मोजू लागले. ताई पेन हातात धरून ऐकत होत्या. वीस, एकवीस. पंचवीस. सव्वीस.

"थांबा," काकू म्हणाल्या. "माझं बोट आलं."

काका फोनवर आले. "सव्वीस," म्हणाले. मग म्हणाले, "मीही त्या दिवशी फार बोललो."

पावणेचारला खोकं फोडलं, गिअर बदलला. ताईंनी खडू लावून तो स्वतः दोनदा मोजला. पार्सलची गाडी वळणाआड गेली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मालकांनी सगळ्यांना चहा सांगितला.

दोनेक महिन्यांनी एका दुपारी फोन आला. बाईचा आवाज होता. तो सव्वीस दात्यांचा गिअर बसवलेल्या गाडीतून ऑपरेशनला जाऊन आल्याचं तिने सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या होत्या. ताईंना फार बरं वाटलं.

"सगळं लख्ख दिसतंय हो," काकू हसत म्हणाल्या. "आणि काय दिसलं सांगू? माझ्या एकूण एक साडीवर काळे डाग. मला दिसेना तेव्हापासून धुणं यांच्याकडे. हे मात्र रोज सांगायचे, कपडे कसे स्वच्छ निघालेत."

त्या हसतच होत्या, तेवढ्यात काकांनी फोन घेतला. ताईंना वाटलं, आता हे ओरडणार.

"बाई," काका हळूच म्हणाले, "गाडीचं काम करून तेच हात धुण्याला लागायचे. घासायचो मी खूप. पण ग्रीस काही निघत नाही."