दात्याची पंगत

अन्नदानाचा दिवस असला की मातृछाया वृद्धसदनात सकाळची चहा-भाकर बंद असे. भरल्या पोटी म्हाताऱ्या शिरा चिवडत बसतात आणि दात्याचं मन मोडतं, असा व्यवस्थापक उकंडरावांचा अनुभव होता. पाणीही बंद. पाणी प्यायलं की उठावं लागतं, आणि एक उठली की पंगत विस्कटते. शेलूबाजारच्या रस्त्यावरच्या या सदनाची शिस्त पाहून मंगरूळपीरचे साहेबलोक फार वाखाणणी करून गेले होते.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यातल्या त्या दिवशी दाते होते कामरगावचे कापडवाले बाबूलालशेट. आईचं वर्षश्राद्ध होतं. आई हयात असताना दुकानामुळे तिच्याजवळ बसायला त्यांना फुरसत मिळाली नव्हती.

पडवीत म्हाताऱ्यांना आंघोळी घालून सकाळीच ओळीनं बसवलं होतं. गोमतीबाईच्या शेजारी हिरीबाई. दोघी एकाच तांड्याच्या. दुपार झाली, पत्र्याखाली भट्टी पेटल्यासारखं झालं, तरी शेटची जीप येईना.

"गोमती, घोटभर पानी दे वं," हिरीबाई पुन्हा म्हणाली.

"उकंडभाऊ, पाजा तिले पानी. तोंड सुकून गेलं तिचं."

"दहा मिनिटं थांब, बुढे. जीप निघून राह्यली. आता पानी पाजलं तं तिले मोरीवर कोन नेईन, तू?"

हे दहा मिनिटांचं उत्तर सकाळपासून चालू होतं. गोमतीबाईनं पदरानं हिरीला वारा घातला; जास्त बोलायची सोय नव्हती. मागं सदनातल्याच जगदेवच्या मायनं डाळीतल्या अळ्या पाहुण्यांना दाखवल्या, तेव्हा उकंडराव तिला आणि तिचं बोचकं संध्याकाळी बसस्टँडवर ठेवून आले होते. गोमतीबाईचा पुतण्या गोविंदसिंग कामाला परमुलखात गेलेला, घराला कुलूप. तिला जायला बसस्टँडच होतं.

हिरीबाई एका अंगाला कलायला लागली. उकंडरावांनी उपरणं आणून तिला खांबाशी बांधलं.

"पडून हाड मोडलं तं लोकं आमालेच नावं ठेवतात," ते म्हणाले. ओळ पुन्हा सरळ झाली.

शेवटी जीप आली. बाबूलालशेटनी हातानं शिरा-पुरी वाढली आणि एकेकीच्या पाया पडत ते पुढं सरकले. हिरीबाईच्या पायांवर त्यांनी डोकं टेकवलं. फोटोवाल्यानं त्यांना तसंच थांबायला सांगितलं. आशीर्वाद काही येईना.

"आजी, द्या आशीर्वाद," उकंडराव म्हणाले. मग हसून, "डोळा लागला तिचा."

गोमतीबाईनं हिरीच्या नाकाशी हात धरला. बराच वेळ धरला.

"झोपली नाही. मेली ते. सकाळपासून पानी मांगून राह्यली होती."

बाबूलालशेट चटकन मागं सरकले. उकंडरावांनी मात्र लगेच सावरून घेतलं. वय झालं होतं, अन्नदानाच्या पंगतीत मरण यायला भाग्य लागतं, असं ते शेटना सांगू लागले. मग गोमतीबाईच्या कानाशी वाकले.

"पोलीसपाटील येईन आता. जेवली, झोपली अन् गेली, असं सांगजो. नाही तं तुह्यं बोचकं बांधतो."

"बांध," गोमतीबाई म्हणाली.

उकंडरावांचा हात उपरण्याच्या गाठीकडे गेला. गोमतीबाई सरकत खांबापाशी आली आणि तिनं दोन्ही हातांनी गाठ धरून ठेवली.

"सोडू नोको. पाटलाले पाहू दे."

"बुढे, येडी झाली का? मुर्दा बांधून ठेवतं का कोनी?"

"जितीले बांधलं तवा नाही विचारलं तू."

ओळीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनी हळूहळू ताटं दूर सारली. खाऊन टाका, खाऊन टाका, असं उकंडराव म्हणत राहिले. कुणी हात लावला नाही. उपास काय, त्यांना सवयीचाच होता.

बाबूलालशेट जीपपाशी जाऊन परत आले. घसा खाकरून त्यांनी हळूच विचारलं, "पंचनाम्यात... आमच्या आईचं नाव येईल का हो?"

"येऊ द्या, शेटजी," गाठीवरचा हात न काढता गोमतीबाई म्हणाली. "तिच्याच नावानं उपाशी बसवलं होतं आमाले."