दोघींनी चढवलेली मोटारसायकल

"वहिनी, तुम्ही कशाला येता? मी जातो आणि घेऊन येतो," दीर म्हणाला. पण तोवर मावशी पिकअपच्या केबिनमध्ये चढून बसल्याही होत्या. पर्स मांडीवर, दार आतून ओढून घेतलेलं. आता त्यांना खाली उतरवायला क्रेन आणली असती तरी उपयोग झाला नसता.

दीर जरा वेळ दाराशी घुटमळला. मग मागे जाऊन हौद्यातली लाकडी फळी आणि दोर त्यानं उगाच पुन्हा तपासले आणि येऊन स्टिअरिंगमागे बसला. भावाला जाऊन महिना झालेला, त्याची मोटारसायकल आणायला निघालेला माणूस गप्पगप्प असणारच, असं मावशी धरून चालल्या.

मावशी म्हणजे नात्यानं कोणाच्याच मावशी नव्हत्या. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात त्यांनी उभी हयात काढली होती, तिथे डॉक्टरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. चादरी, डगले, ऑपरेशनचे हिरवे कपडे यांच्या ढिगाऱ्यात राहून त्यांना एक सवय लागली होती. घरातल्या प्रत्येक कपड्याच्या कॉलरमध्ये त्या लाल दोऱ्याचा एक टाका घालत. हजार कपड्यांत आपला कपडा ओळखू यावा म्हणून. घरी हजार कपडे नव्हते, पण सवयीला कोण समजावणार?

नवरा वजनकाटे दुरुस्त करायचा. दुकानातले तराजू, गोदामातले मोठे काटे. मोटारसायकलच्या मागे लोखंडी पेटी, पेटीत तोलून पाहायची पितळी वजनं. पंचक्रोशीत त्यांना काटेवाले म्हणत. बोलणंही काट्यावर टाकल्यासारखं, गुंजभर जास्त नाही. महिन्यातून एकदा डोंगरापलीकडच्या बाजारगावी मुक्काम असे. तिथलं काम एका दिवसात उरकत नाही, असं ते म्हणत. मावशी डबा बांधून देत आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिकामा डबा परत येई. त्यात विचारण्यासारखं काही आहे, असं त्यांना कधी वाटलंच नाही.

त्या गावीच काटेवाले गेले. दिराचा फोन आला होता की दादाला बाजारात छातीत दुखायला लागलं, लोकांनी दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला. भावाला त्यानंच घरी आणलं. मोटारसायकल एका ओळखीच्या माणसाकडे ठेवलीय, सावकाश आणू, म्हणाला. पण हे सावकाश काही संपेना. कधी पिकअपचं काम निघायचं, कधी भाडं लागायचं. मुलगी फोनवर म्हणाली, आई, मोडकी गाडी आहे, तिथेच कोणाला तरी देऊन टाका. मावशींना ते पटलं नाही. माणूस घरी आला, त्याचे बूट आले, घड्याळ आलं. गाडीच तेवढी परक्या दारात का म्हणून राहावी? शेवटी काल संध्याकाळी त्यांनी दिराला निक्षून सांगितलं होतं की उद्या जायचं, आणि मीही येणार.

डोंगराचा चढ पिकअपनं धापा टाकत पार केला. उतारावर दीर म्हणाला की घर त्याला नीटसं आठवत नाही, चौकात विचारावं लागेल. मावशी बरं म्हणाल्या.

चौकात तीन रस्ते फुटत होते. कोपऱ्यावर फळवाला उभा होता, विचारायचं तर त्यालाच. पण दिराचं लक्ष कुठेतरी हरवलेलं होतं आणि त्याच्या हातांनी पिकअप सरळ डावीकडे घातली. शाळेची भिंत संपल्यावर अरुंद गल्ली लागली. गल्लीच्या वळणापलीकडे गटाराचं झाकण फुटलं होतं. ते दिसायच्या आधीच त्यानं चाक उजवीकडे काढलं आणि भोक अलगद चुकवलं.

मावशींनी आधी त्या भोकाकडे पाहिलं, मग दिराच्या हातांकडे. न पाहिलेला खड्डा माणूस चुकवत नाही. गाडी थांबेपर्यंतच्या तेवढ्या अर्ध्या मिनिटात त्यांनी मनात पुष्कळ काही पाहून घेतलं: कोणीतरी तरुण, केस मोकळे सोडलेली, हसरी.

पिकअप एका पिठाच्या गिरणीसमोर उभी राहिली. आतून पट्ट्याचा आवाज थांबला आणि दिराचा तो ओळखीचा माणूस बाहेर आला. ती बाई होती. मावशींच्याच वयाची, किंबहुना दोन वर्षांनी मोठी. अंगानं जड, गुडघ्यांवर हात ठेवत पायऱ्या उतरणारी. कोपरापर्यंत पीठ, पापण्यांवर पीठ. मावशींना वाटलं, निदान तरुण असती तर राग धरायला बरं झालं असतं.

दिरानं घसा साफ केला आणि गाडी न्यायला आलोय, एवढंच जमिनीकडे बघत सांगितलं. गिरणीवालीनं मावशींकडे पाहिलं. कोण आलंय, हे तिला सांगावं लागलं नाही.

"बसता का जरा?" तिनं विचारलं.

"नको. गाडी कुठंय?"

गाडी मागच्या अंगणात होती आणि बाजूच्या बोळाचं दार आतून लावलेलं असल्यानं तिकडे घरातूनच जावं लागलं. गिरणीमागे एकच खोली. एक पलंग, स्टोव्ह, खिडकीत वाळत टाकलेला हातरुमाल. खुंटीवर इस्त्री केलेला निळ्या चौकटींचा शर्ट. मावशी पुढे निघून गेल्या असत्या, पण हातांची सवय वाईट. त्यांनी कॉलर उलटून पाहिली. आत लाल दोऱ्याचा टाका होता. हा शर्ट एसटीत विसरला म्हणून काटेवाल्यांनी सांगितलं होतं आणि त्यांनीही तो विसरून टाकला होता.

मागे गिरणीवाली उभी होती. तिनं पाहिलं आणि अंगणाचं दार उघडलं.

मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली होती. ओल लागू नये म्हणून खाली विटा लावलेल्या, टाकी पुसलेली. पुढचं चाक मात्र वाकून फोर्कला घासत होतं, त्यामुळे गाडी धड लोटता येत नव्हती. पुढचा भाग उचलत, मागून रेटत त्यांनी ती कशीबशी बाजूच्या बोळातून रस्त्यावर आणली. दिरानं फळी लावली आणि एकट्यानं चढवून पाहिली. गाडी दोन हात वर गेली आणि त्याला घेऊनच खाली आली. मग तो समोरच्या दुकानाशी बसलेल्या दोघांना हात लावायला बोलवायला गेला. त्यांनी पिकअपकडे पाहिलं, गिरणीकडे पाहिलं आणि एकाला एकदम काहीतरी काम आठवलं. दुसऱ्यानं मान फिरवली.

"इथलं कोणी यायचं नाही," गिरणीवाली म्हणाली. "मी लावते हात."

मग दीर हौद्यात चढून हँडलला बांधलेला दोर ओढू लागला आणि दोघी बायका मागून रेटू लागल्या. एकीचा खांदा कॅरिअरला, दुसरीचे तळहात सीटखाली. फळी करकरली. गाडी अर्ध्यावर गेली आणि वाकडं चाक फळीच्या कडेला अडकलं. जरा धरून ठेवा, दोर आडव्या दांड्याला गुंडाळतो, असं दीर वरून ओरडला आणि पलीकडच्या बाजूला वळला. सगळा भार दोघींवर आला. दोघींची डोकी इतकी जवळ आली की गिरणीवालीच्या श्वासातली घरघर मावशींना ऐकू येत होती.

"कसं झालं?" मावशींनी विचारलं. आवाज खालचा, दिराला जाऊ नये असा.

गिरणीवालीनं तळहात नीट टेकवले. पाय रोवून घेतले.

"दारातच झालं. बाजारात नाही. गाडी स्टँडवर लावत होते, छातीत कळ आली आणि गाडीसकट पायरीवर पडले. पायांवर गाडी. मला एकटीला उचलेना. हाका मारल्या, पण आमच्याकडे कोणी येत नाही. पाहिलंत ना आत्ता."

"मग?"

"तेच म्हणाले, आधी पेटीतली वजनं काढ, गाडी हलकी होईल. मी एकेक वजन काढत बसले. घाईत पेटीचं झाकण मिटायचं, पुन्हा उघडायचं. सगळी काढली, गाडी उचलली. तोवर बोलणं थांबलं होतं त्यांचं."

मावशींच्या खांद्यात कळ आली होती. काढ. काटेवाले घरी त्यांनाही असंच एकेरीत म्हणत, दार लाव, पाणी दे. त्या एका शब्दात काय काय होतं ते त्यांना आरपार कळलं.

"आणखी काही म्हणाले?"

"नाही. वजनांचंच म्हणाले."

कोणाचं तरी नाव येईल असं मावशींना वाटत होतं. स्वतःचं नाही आलं तर निदान हिचं तरी, म्हणजे मग भांडायला जागा झाली असती. पण मरता मरताही तो माणूस काट्याचंच बोलला होता. असंच बोलणार ते, असं त्यांच्या ओठांवर आलं आणि त्याच वेळी त्यांना दिसलं की बाजूची बाईही तेच म्हणायच्या बेतात आहे. दोघींनी तोंडं फिरवली.

"हं, रेटा आता," वरून दीर म्हणाला. दोघींनी एकदम जोर लावला. चाक सुटलं, गाडी वर गेली आणि हौद्यात आडवी होऊन बसली.

गिरणीवालीनं वजनांची पेटी आणून दिली. आत प्रत्येक वजन कागदात गुंडाळलेलं होतं. मावशींनी पेटी घेतली, केबिनच्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"तो शर्ट द्या," त्या म्हणाल्या. "माझा आहे."

गिरणीवालीनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग आत गेली. पिठाचे हात धुतल्याचा आवाज आला. शर्ट घडी घालून तिनं दोन्ही हातांनी दिला आणि पायरीवर उभी राहिली. पिकअप सुरू झाली, वळली, तरी ती आत गेली नव्हती. आरशात तेवढी एक पांढरी आकृती दिसत होती, मग गल्लीचं वळण आलं.

चढ लागला. मागे दोर कुरकुरत होते. मावशींनी शर्ट नाकाशी नेला. त्याला दुसऱ्याच साबणाचा वास होता. आयुष्यभर कपडे धुतलेल्या बाईला कळायला वेळ लागला नाही की हा शर्ट आता कितीही धुतला तरी आपला होणार नाही. मागून घेतला, हेच चुकलं. पण परत फिरा म्हणायला जीभ उचलेना.

"रस्ता पाठ होता तुम्हाला," त्या म्हणाल्या.

दिरानं गिअर बदलला. मग म्हणाला, "गिरणीचा दगड मीच आणून दिला होता. याच गाडीतून. दादानं सांगितलं म्हणून."

"कधी?"

"झाली वर्षं."

"त्या दिवशी संध्याकाळी कुठं जेवलात?"

त्यानं आरसा सारखा केला. पुढून एक ट्रक आला आणि गेला.

"भाऊजी, मी विचारतेय."

"तुमच्याकडे," दीर म्हणाला. "वहिनी, मी तुम्हाला काय सांगणार होतो? सांगितलं असतं तर तुमचं घर मोडलं असतं."

मावशींना आठवत होतं ते वेगळंच. दर महिन्याच्या त्या मुक्कामाच्या संध्याकाळी हा दीर आवर्जून घरी यायचा. वहिनी एकट्या आहेत म्हणून चौकशीला. मुलीला फिरवून आणायचा, नळ गळत असेल तर बघायचा, चार विनोद सांगून जेवून जायचा. भावापेक्षा मायाळू, असं त्या शेजारी सांगत असत. ती माया होती की पहारा? की दोन्ही? नवरा जाऊन महिना झाला होता, पण हा माणूस आज गेला, आणि तोही शेजारी बसून गाडी चालवत होता.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. पिकअप पाहून शेजारचा शिंपी आणि त्याचा भाऊ हात लावायला धावले. इथे कोणी मान फिरवली नाही. बघता बघता मोटारसायकल खाली उतरली आणि जिन्याखाली उभी राहिली. शिंप्यानं टाकीवरून हात फिरवला.

"छान जपलीय हो. कुठं होती इतके दिवस?"

दीर फळी उचलत होता, तो तसाच वाकून राहिला. तोंडाला कुलूप घालायचं तर हीच वेळ होती. ओळखीच्या माणसाकडे, एवढं म्हटलं की झालं असतं.

"एका बाईंकडे," मावशी म्हणाल्या. "गिरणी आहे त्यांची. तिथेच गेले हे. त्या एकट्याच होत्या जवळ, त्यांनीच शेवटपर्यंत केलं."

शिंप्यानं मावशींच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न गिळला. भावाला कोपरानं ढोसून तो आपल्या दुकानाकडे वळला.

दिराचे हात काळ्या तेलानं माखले होते. मावशी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणि साबण घेऊन आल्या आणि ओट्याच्या कडेला उभं राहून त्याच्या हातांवर धार धरली. तो खाली मान घालून हात चोळत होता, नखं साफ करत होता, झालेले हात पुन्हा धूत होता. पाणी संपलं. त्यानं हात झटकले आणि नेहमीच्या सवयीनं चपला काढायला एक पाय उचलला.

मावशींनी साबण उचलला, रिकामा तांब्या घेतला आणि त्या आत गेल्या. दार त्यांनी लावलं नाही. नुसतं "या" म्हटलं नाही.

आत उभ्या राहून त्या ऐकत होत्या. बाहेर बराच वेळ काहीच हललं नाही. मग पिकअपचं दार वाजलं, हळू, कोणी झोपलेलं असताना वाजवावं तसं.