ठिपक्यांतले हात

अप्पांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आता अडुसष्टाव्या वर्षी डोळेही दगा द्यायला लागले होते. लेकीची आईही बहिरीच होती. ती जाऊन चार वर्षं झाली. ऐकू येणारी एकटी लेक, म्हणून सात वर्षांची असल्यापासून बँकेत, दवाखान्यात, घरमालकाकडे आईबापांचं तोंड तीच. हल्ली ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करायची, आणि घरी आल्यावर हात उचलायचंही तिच्या जिवावर यायचं.

अप्पांनी तिच्यापुढे काडेपेटीएवढा जुना व्हिडिओ प्लेअर धरला. तिच्या लहानपणी आई दोन वर्षं परगावी शिवणकामाच्या कारखान्यात होती, तेव्हा तिने त्यावर निरोप भरून पाठवला होता. दोन मिनिटांचा, हातांनी बोललेला. "दिसत नाही," अप्पांनी खूण केली. "टीव्हीवर लावून दे."

ती कामावरून परस्पर दुरुस्तीवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "एएमव्ही फाइल आहे ही, जुन्या जातीची. या डबड्याशिवाय कोणी उघडत नाही." त्याने खटपट करून फाइल बदलून दिली. "पण ताई, आधीच सांगतो. ठिपके मुळात मोजकेच. मोठं केलं की ठिपके मोठे होतात, चित्र नाही."

तसंच झालं. टीव्हीवर नुसते करडे चौकोन हलत होते. बोटं कुठली, बाही कुठली, काही कळेना. अप्पांनी टीव्ही बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

तिने उसासा टाकला. प्लेअर डोळ्यांजवळ धरला, समोर स्टूल ओढलं आणि थोडं थोडं बघत अप्पांना मोठ्या खुणा करून सांगू लागली. छोट्या पडद्यावरही बोटं फिसकटलेलीच, पण आईचे खांदे तिला वाचता येत होते.

भाडं वेळेवर द्या. खोकल्याचं औषध टाळू नका. मग आई म्हणत होती, "पोरीला सगळीकडे बोलायला नेऊ नका. चिठ्ठी लिहून न्या. तिला खेळू दे."

तिचे हात थांबले. हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. प्लेअर कायम अप्पांच्या खिशात असायचा.

"पुढे?" अप्पांनी विचारलं.

गाळता आलं असतं. तिने सांगितलं.

अप्पांनी प्लेअर तिच्या हातून घेऊन खिशात टाकला. मग खुणेने म्हणाले, "मला ठाऊक होतं. पण माझं अक्षर कोंबडीच्या पायांचं. लाज वाटायची."

भांडावं असं तिच्या मनात आलं, पण तेवढं त्राण नव्हतं. तिने जेवायला वाढलं.

सोमवारी अप्पा स्वतः चिठ्ठी लिहून एकटेच दवाखान्यात डोळे दाखवायला गेले. दुपारी परतले ते वैतागून. ऐकू येत नाही अशी खूण केल्यावर नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईने चिठ्ठी न वाचताच त्यांना कानाच्या विभागात पाठवलं होतं. तीन तास बसून कान तपासून आले होते.

ती खूप दिवसांनी हसली. मग अप्पांना डोळे दाखवायला न्यायचं म्हणून गुरुवारसाठी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहायला बसली.