हात मिळवायची रांग

घरातलं मूल गप्प झालं की आपण विचारतो, "काय झालं गं?" ते म्हणतं, "काही नाही." आणि खरं सांगायचं तर ते 'काही नाही' आपल्याला फार सोयीचं वाटतं. टेगनच्या आईचंही तसंच झालं. तिला एकटीला दोष कशाला देऊ? आपण सगळे एकाच माळेचे मणी!

चौदा वर्षांची टेगन आमच्या गावच्या मुलींच्या हॉकी संघाची गोलकीपर. आमच्या सस्कॅचवानमध्ये, इकडे कॅनडात, हॉकी म्हणजे बर्फावरची, चेंडूऐवजी रबरी चकतीची, आणि सामना असला की अर्धं गाव रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. त्या शनिवारी परगावी, सामना संपता संपता, एक साधी सरपटत आलेली चकती तिच्या पायांमधून जाळ्यात गेली आणि ती धडपडून उताणी पडली. हातचा सामना गेला.

परतीचा रस्ता लांबचा होता. टेगन बसमध्ये पुढच्या सीटवर बसली होती, शेजारी तिची पॅडची अवजड बॅग. अचानक मागे खसखस पिकली. मग शांतता, मग पुन्हा हशा. सगळ्यांचे फोन उजळले होते, टेगनचा मात्र गप्प होता. संघाचा ग्रुप तर तिच्याकडेही होता, मग या हसतायत कशाला? खिडकीबाहेर नुसतं पांढरं माळरान पसरलेलं. भरल्या बसमध्ये ती अगदी एकटी होती.

उलगडा झाला सोमवारी, आणि तोही जिंकलेल्या संघाच्या गोलकीपरकडून! त्या जेमतेम ओळखीच्या मुलीनं एका ग्रुपचे स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ पाठवून लिहिलं होतं, "कुणीतरी हे आमच्याकडे पाठवलंय. माझ्याही पायांतून जातात गं कधी कधी. हे पुसू नकोस, एखाद्या मोठ्या माणसाला दाखव. एकटीनं सोसू नकोस."

टेगनला वगळून मुलींनी नवा ग्रुप काढला होता. त्यात ती पडतानाचा व्हिडिओ होता. ती पडत होती, पुन्हा पडत होती, पुन्हा पडत होती. खाली शेरे: "उलटं कासव." "हिला घरी बसवा, म्हणजे जिंकू." आणि प्रत्येक शेऱ्याला एक हसरा चेहरा चिकटवलेला, मारेनचा. मारेन तिची पहिलीपासूनची मैत्रीण. टेगनला बाकी सगळ्यापेक्षा तेच जास्त लागलं.

तिनं सरावाला जाणं सोडलं. शाळेत ती लायब्ररीच्या कोपऱ्यात एकटीच डबा खाऊ लागली. मोठ्या माणसाला दाखवायचं म्हणजे पुन्हा सगळं बघायचं! शेवटी एका दुपारी ती रिंकवर गेली आणि तिनं फोन संघाच्या कोच डोरीन यांच्यापुढे धरला.

कोचनं सगळं वाचलं. "दुर्लक्ष कर" असं त्या म्हणाल्या नाहीत. "माझ्याकडे आलीस, बरं केलंस. मी मुलींशी बोलू? तू नसताना?"

टेगननं होकाराची मान हलवली.

त्या दिवशी सराव संपल्यावर कोच गोलकीपरचं हेल्मेट घालून बर्फावर उभ्या राहिल्या. "सामना संपला की आपण काय करतो?"

"रांगेनं हात मिळवतो, कोच."

"कुणाशी? ज्यांनी तुम्हाला ढकललं, हरवलं, त्यांच्याशीसुद्धा?"

"हो."

"आणि आपल्याच पोरीशी मिळवायचा राहिला! लावा रांग. मी टेगन आहे असं समजा. माझा हात धरा, डोळ्यांत बघा आणि फोनवर लिहिलंत ते मोठ्यानं म्हणा."

पुढे कप्तान ब्रुकलिन होती. "कोच, गंमत होती ती…"

"मग म्हण की गमतीनं!"

ब्रुकलिननं हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मारेनची पाळी आली तेव्हा ती घाईघाईनं म्हणाली, "मी काहीच लिहिलं नाही, कोच! मी नुसती हसले."

"मग हस."

"काय?"

"तिथं हसलीस ना? आता तिच्या तोंडावर हस."

मारेननं ओठ ताणले. हेल्मेटच्या जाळीमागून दोन डोळे तिच्याकडे बघत होते. हसू कुठून येणार! तिला रडूच कोसळलं.

कोच हळूच म्हणाल्या, "लिहिणाऱ्या दोघीतिघी होत्या गं. त्यांना टाळ्या तुम्ही दिल्यात. एकीनं जरी 'पुरे' म्हटलं असतं, तर हे बसमध्येच संपलं असतं."

ग्रुप बंद झाला, पालकांना बोलावणी गेली. पण बाहेर गेलेला व्हिडिओ सगळीकडून परत कोण आणणार?

संध्याकाळी मारेन टेगनच्या दारात उभी राहिली. "मला वाटलं, मी हसले नाही तर उद्या माझी पाळी येईल."

"मला सांगायचंस तरी."

"चुकलं माझं."

"मला एवढ्यात माफ नाही करता येणार, मारेन."

"नको करूस. शनिवारी सामन्याला आलीस, तर बसमध्ये तुझ्या शेजारी बसू?"

"तिथं माझी बॅग असते."

"मांडीवर घेईन."

वाचकहो, जे तोंडावर बोलवत नाही ते बोटांनी लिहू नये, आणि जिथं तोंडावर हसवत नाही तिथं फोनवरही हसू नये. तुमच्यावर अशी वेळ आली तर पुरावा जपा आणि विश्वासाच्या माणसाला गाठा. आणि आईबापांनो, 'काही नाही' ऐकून उठून जाऊ नका. जरा शेजारी बसा.

शनिवारी टेगन सामन्याला निघाली, आणि मारेन खरंच पुढच्या सीटवर तिच्या शेजारी बसली. घामट वासाची ती बॅग तिच्या हनुवटीपर्यंत येत होती. बस माळरानावर आली. मग टेगननं बॅगेचा एक पट्टा धरून अर्धं ओझं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.