एकुलता एक नर

विंचवाच्या नव्या जातीवरचा शोधनिबंध परीक्षकांनी परत पाठवला होता. सगळे नमुने माद्याच आहेत, प्रौढ नर दाखवा, म्हणे! दोन पावसाळे दगड उलथून संशोधकाला काल एकदाचा नर सापडला. अल्कोहोलात बुडवून ठेवला की रंग उडतो, म्हणून आधी सकाळच्या उजेडात जिवंतपणी फोटो काढू, असं ठरवून त्याने डबी न्हाणीघरात ठेवली. झाकण मात्र नीट लागलं नव्हतं.

"भाऊजी, तुमचा पाहुणा फिरायला निघाला होता," सकाळी वहिनी चप्पल नाचवत म्हणाल्या. "एका फटक्यात गार केला!"

तो फरशीवरच्या लगद्याशेजारी उकिडवा बसला.

"वहिनी, बारसं करायचं होतं त्याचं!"

"आणि त्याआधी बाटलीत बुडवून मारणारच होतात ना?"

त्याने चिमटा आणला. नराची खूण म्हणजे पोटाखालचे कंगव्यासारखे दोन लांब अवयव. फरशीवर एकच मिळाला. दुसरा, नांगीसकट, चपलेच्या तळव्यात रुतला होता.

"चप्पल द्या. प्रयोगशाळेत न्यायचीय."

"आणि मी बाहेर जाऊ कशी?"

"अनवाणी," तो दातओठ खात म्हणाला.