घंटी वाजली की उलगडायचं

मी एक सतरंजी. निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, पंधरा जण मांडी घालून बसतील एवढी. नागपूरकडच्या एका तुरुंगातल्या हातमागावर माझा जन्म झाला. मला विणणाऱ्याला बाहेर जायची मुभा नव्हती. मी मात्र रेल्वेत नोकरीला असलेल्या धर्मपालजींच्या खांद्यावरून थेट रायपूरला आले.

त्यांच्या घरी मला अंथरायची एक रीत होती. धर्मपालजींच्या पत्नी अंजनाबाई माझा शेवटचा हातभर भाग गुंडाळलेलाच ठेवायच्या. कोणी उशिरा आलं की तो उलगडायच्या. येणाऱ्याला मग आपल्याला उशीर झाला असं वाटतच नसे. कोण सरकून जागा देतं आणि कोण पाय पसरतं, हे मी खालून पाहत आले.

रायपूर नव्या राज्याची राजधानी झाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांची मुलगी चेतना शंकर नगरातल्या एका संस्थेत लागली. वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या तरुणांना ती मानवी हक्क शिकवायची; फळा-पुस्तक नाही, खेळांतून. निर्वासितांचा विषय निघाला तेव्हा तिनं मला नेलं.

खेळ सोपा होता. मी म्हणजे देश. बारा जण माझ्यावर उभे. घंटी वाजली की माझी एक घडी घालायची. ज्याचा पाय फरशीला लागेल तो देशाबाहेर.

तिसऱ्या घडीला लोकेश नावाच्या दांडग्या पोरानं शेजारी उभ्या असलेल्या शेफालीला कोपरानं ढकललं. "चल, रिफ्यूजी आउट!"

सगळे हसले. चेतनाही हसली.

शेफाली दाराशी जाऊन चपला शोधू लागली. तिचे आजोबा सीमेपलीकडून निर्वासित होऊन आलेले. सोमवारी याच तरुणांना तिच्याच वस्तीत कामाला जायचं होतं, आणि तिच्याशिवाय तिथं त्यांना कोणी ओळखत नव्हतं. शेफालीखेरीज हे फक्त चेतनाला ठाऊक होतं. हसताना ती विसरली.

"शेफाली, रुक ना. खेल है."

"पता है, दीदी."

तेवढ्यात अंजनाबाई मला न्यायला आल्या. संध्याकाळी घरी बुद्धवंदनेला माणसं यायची होती.

"काहून वं चेतना, हे काय करून राहिली? माणसं उभी अन् सतरंजीची घडी?"

"आई, खेळ आहे. माणसं कमी करून राहिलो."

"आपल्या घरी तं माणूस आला का उलगडतात!"

एका पायात चप्पल घातलेली शेफाली थांबली. "उलगडतात मतलब, आंटी?"

"खोलते हैं, बेटी."

शेफालीनं चप्पल काढली आणि टेबलावरची घंटी उचलली. "मेरे दादू के साथ भी यही खेल हुआ था, भैया," ती लोकेशला म्हणाली. "बस, घंटी नहीं थी. अब मैं बजाऊँगी. आप खोलिए."

"पूरी?"

"पूरी."

घंटी वाजत गेली, लोकेश वाकून घडी उलगडत गेला. कोणी हसलं नाही. सगळे बसले, तो फरशीवरच राहिला. शेफालीनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्यासाठी वीतभर सरकली.

सोमवारी ते सगळे तिच्या वस्तीत गेले. मीही गेले.

आता शेफालीच शिबिरं घेते, कधी रायपुरात, कधी जवळच्या अभनपूरला. तिसऱ्या घडीच्या जागी माझे धागे विरलेत, खालची फरशी दिसते. रफू नाही केलंत तरी चालेल. अंथराल तेव्हा मात्र शेवटचा हातभर भाग उशिरा येणाऱ्यासाठी राखून ठेवा. कमी बसतात त्याच्यावर, म्हणून तो अजून नव्यासारखा आहे. तो झिजलेला मला पाहायचा आहे.